नाल्यापलीकडचं लाल झाड

अक्का, तो पांगारा होता.

तू म्हणत होतीस तेच खरं. मी जाऊन पाहून आलो होतो आणि आल्यावर तुला खोटं सांगितलं. आता हे लिहून टाकलं. पुढचं लिहिताना हात थांबला तरी एवढं तरी कागदावर राहील.

तुझी लता म्हणाली, "मामा, आईवर चार ओळी लिहून द्या, छापायच्या आहेत." चार ओळी म्हणजे काय ते मला माहीत आहे. प्रेमळ होती, कष्टाळू होती, सर्वांना धरून राहिली. तसं लिहायला बसलो तर पहिल्या ओळीतच झाड आडवं आलं. दोनदा कागद फाडला. मग म्हटलं, लतासाठी नको, तुलाच लिहावं. छापायचं की नाही ते तिनं ठरवावं.

ही अक्षरं तरी माझी कुठं आहेत? तू शेळ्या राखल्यास म्हणून मी चौथीपर्यंत गेलो. सकाळी मी पाटी घेऊन निघायचो आणि तू काठी घेऊन. दुपारी शाळा सुटली की मी पळत नाल्यावर यायचो आणि चार बुकं शिकलेला असल्यासारखा तुझ्यापुढं मिरवायचो. तू ऐकून घ्यायचीस. मग म्हणायचीस, "झालं तुझं? आता माझी शाळा."

तुझी शाळा फाल्गुनात भरायची. आपल्या रानात तेव्हा तीन झाडं लाल होतात. सावर, पळस आणि पांगारा. तिन्हींची पानं गळालेली, तिन्हींवर मैना आणि भोरड्यांचा दंगा. परक्या माणसाला लांबून सगळं एकच दिसतं. तू माझ्या डोळ्यांवर फडकं बांधायचीस आणि तळहातावर एक फूल ठेवायचीस.

"भाऊ, सांग पाहू, काय शे हाई?"

सावरीचं मला लगेच कळायचं. जड, ओलं, मांसल फूल, हातावर पडलं की थप्प व्हायचं. पळसाचंही हळूहळू यायला लागलं. त्याचं देठाकडचं काळं बोंड अंगठ्यानं चोळलं की कोकराच्या कानासारखं लागतं. पांगाऱ्याचं बोंड गुळगुळीत, एका बाजूनं फाटलेलं, आणि पाकळी कोंबड्याच्या नखीसारखी वाकडी. हातात घेऊन मी सांगायचो. लांबून मात्र माझं चुकायचं. तू मला दहादा सांगितलंस. सावर हात आडवे पसरून उभी राहते. पळस अंगभर फुलतो, बुंधा वाकडातिकडा. पांगारा फक्त बोटांच्या टोकांना फुलतो, म्हणून त्याच्या फांद्यांमधून आभाळ दिसतं.

"आभाय पाह्य, फूल नको पाहू," म्हणायचीस. पण मी फूलच पाहायचो.

आणि नाल्यापलीकडच्या खडकाळ बरडावर ते एक झाड. आपल्या घराच्या मातीच्या धाब्यावर चढलं की समोर. पलीकडे जंगलखात्याची हद्द होती म्हणून वडील जाऊ देत नव्हते. तू म्हणालीस पांगारा. मी म्हणालो पयस, शाळेतल्या भाषेत पळस.

"नही रे, पांगारा शे तो."

"तुले काय समजस! शाळामा मी जास की तू?"

किती वर्षांचा असेन मी तेव्हा, नऊ की दहा. हे वाक्य मी तुला बोललो ते मला आठवतं. तू रागावली नाहीस. काठीनं माती उकरत बसलीस. शेळ्या राखायला तू का गेलीस आणि शाळेत मी का गेलो, हे तुला माहीत होतं. मला ते कळायला फार वर्षं लागली.

पुढं तू सावद्याला नांदायला गेलीस. केळीच्या गावात. दरवर्षी आखाजीच्या सणाला मी तुला आणायला यायचो. शिरपूरहून चोपडा, यावल, फैजपूर, सगळी एसटी. तुझी बोली हळूहळू तिकडची व्हायला लागली. आपल्याकडं "माले" म्हणतात, तू "मले" म्हणायला लागलीस. मी चिडवायचो, "केळीवाली आली, केळीवाली." नाला ओलांडून बरडावर जायला आता कोणी अडवत नव्हतं. वडील थकले होते, मी कर्ता झालो होतो, दहा मिनिटांचा रस्ता होता. तरी दोघंही गेलो नाही. धाब्यावर चढायचं, तिकडं बोट करायचं आणि भांडायचं. गेलो असतो तर भांडण संपलं असतं, आणि तू नांदायला गेल्यावर आपल्या दोघांचं असं तेवढंच उरलं होतं.

मग ते वर्ष आलं. आई अंथरुणाला खिळली होती म्हणून तू होळीला आलीस. संध्याकाळी आईची खाट आपण अंगणात काढली. तू धाब्यावरून वाळलेल्या मिरच्या गोळा करत होतीस आणि तिथूनच ओरडलीस, "भाऊ, तुना पांगारा यंदा चांगला फुलना!"

मी खालून म्हणालो, "पयस म्हण."

"पांगारा."

"पयस!"

आई खाटेवरून म्हणाली, "भांडतस कसाले? जाय, पाही ये एकदाना."

तुझ्यापुढं आणि आईपुढं मला माघार घेता येईना. सकाळी कुऱ्हाड घेऊन निघालो. नाल्यात पाणी नव्हतं. बरडावर चढलो तेव्हा झाड समोर होतं आणि मी वीस पावलांवरच थांबलो. फांद्यांच्या टोकांना लाल नख्या, मधून निळं आभाळ. तू सांगितलं होतंस तसंच. तरी मी जवळ गेलो. फांदीला हात घातला. पांगाऱ्याच्या फांदीला काळे काटे असतात, तेही तूच शिकवलं होतंस. हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाला. मी ती फांदी तोडली, तिच्याकडं एकटक पाहिलं आणि नाल्यात फेकून दिली.

एवढ्यावर थांबलो असतो, घरी येऊन गप्प बसलो असतो, तरी चाललं असतं. येताना आपल्याच बांधावर पळस होता. त्याची भरगच्च फांदी तोडली आणि ती घेऊन अंगणात आलो. आईसमोर टाकली.

"घे. बरडावरचा."

तू एक फूल उचललंस. बोंड अंगठ्यानं चोळलंस. किती वेळ चोळत होतीस, अक्का! मला वाटलं आता बोलशील. पण तू म्हणालीस, "हं. पयसच शे."

आई हसली. "हारनी का अक्का?"

"हारनू ना माय."

मग तुझं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "हाई काय लागनं?"

"बोरना काटा."

तू आत गेलीस, हळद आणि तेल आणलंस, माझा हात मांडीवर घेऊन एकेक ओरखडा भरत बसलीस. त्या दुपारी तीच फुलं पातेल्यात उकळून तू रंग केलास. केशरी. चांगला उतरला होता.

पळसाला काटा नसतो. ज्या हातांनी मला हे शिकवलं त्याच हातांनी तू हळद लावत होतीस. मला हे तेव्हा सुचलं नाही. तू सावद्याला गेल्यावर चार दिवसांनी, खपल्या सुकायला लागल्यावर सुचलं, आणि मी त्या खपल्या नखांनी काढून टाकल्या.

तुला कळलं होतं का? हे विचारायला माझ्याकडं वीस-बावीस वर्षं होती. विचारलं नाही.

उलट पुढच्याच वर्षी काय झालं ते ऐक. म्हणजे तुला माहीतच आहे, तू तिथं होतीस. सावद्याच्या तुमच्या गल्लीत झाडांसाठी तुझं नाव होतं. तू लग्न होऊन गेलीस त्या वर्षी बायकांनी डोंगराकडून फुलं आणून उकळली होती आणि रंगाऐवजी गढूळ पाणी निघालं होतं. तू पातेल्यात डोकावून म्हणालीस, "हा पांगारा हाय, याले कितीबी उकळा." तेव्हापासून फाल्गुन लागला की बायका तुला घेऊन जायच्या. तू लांबूनच सांगायचीस, तिकडं नका जाऊ, इकडं चला. ह्या गोष्टी तू मला किती खुशीनं सांगायचीस. तुझ्या सासरी तुझं स्वतःचं असं काय होतं? शेत त्यांचं, केळी त्यांची, घर त्यांचं. ही नजर तेवढी तू माहेरून नेली होतीस.

माझ्या खोट्याच्या पुढच्या फाल्गुनात मी तुझ्या ओट्यावर बसलो होतो. तीन बायका आल्या. त्यात तुमच्या समोरच्या काशीबाई होत्या. म्हणाल्या, "चाल वो अक्का, फुलं आणू."

तू म्हणालीस, "मले आता लांबून कळत नाही बाई. माझ्या नजरेचा भरवसा राहिला नाही. माझ्या भावाले इचारा, त्याले बरोबर कळते."

आणि मी उठलो. अक्का, मी चपला घालून उठलो आणि त्या बायकांबरोबर गेलो. रस्त्यानं लांबच्या झाडांकडं बोट करून सांगत गेलो, हा पळस, हा पांगारा, ती सावर. बरोबर सांगितलं की चूक, आजही ठाऊक नाही. परत आलो तेव्हा तू ओट्यावर तशीच बसलेली. मला विचारलंस, "सांगितलं का रे नीट?" मी म्हणालो, "मग!"

त्यानंतर तू कधी गेली नाहीस, असं मला पुढं कळलं. बायकांनीही विचारणं सोडलं.

दर फाल्गुनात मात्र तुझा फोन यायचा. आमच्याकडं फोन नव्हता तेव्हा सरपंचाच्या घरी यायचा, नंतर माझ्या मोबाइलवर. नातवंडं, पाऊसपाणी, कापूस, सगळं झालं की शेवटी हळूच, "फुलनं का रे ते?"

"फुलनं."

"बरं."

पांगारा म्हणाली नाहीस, पयसही म्हणाली नाहीस. वीस वर्षं फक्त "ते." त्या एका शब्दावर मी किती वेळा जागच्या जागी उभा राहिलो आहे. तुला कळलं नव्हतं असं धरलं तर माझ्यामुळं तुझा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला. कळलं होतं असं धरलं तर तू मला जिंकू दिलंस, आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून स्वतःची नजर बांधून ठेवलीस, लहानपणी माझी बांधायचीस तशी. दोन्हींत माझाच हात आहे. कोणतं सोसायचं ते मला ठरवता येत नाही.

महाशिवरात्रीच्या आधी तू गेलीस. मी तुझ्या तेराव्याला आलो होतो. मांडवात बसलो होतो, मांडीवर टोपी-टॉवेल होता. तुझे दीर आप्पा चार शब्द बोलायला उठले. चांगलं बोलले. मग म्हणाले, "आधी वहिनीला झाडांचं फार होतं, डोंगरावरचं झाड इथून सांगायच्या. मग नजर उतरली बिचारीची, कुठलं कुठलं सांगायला लागल्या."

माणसं माना हलवत होती. कुठलं कुठलं तू कधी सांगितलंस? तू तर सांगणंच सोडलं होतंस. माझ्या शेजारी जागा होती, उठायला काही अडचण नव्हती. मी टॉवेलाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. वरण-भात जेवलो. एसटीनं घरी आलो.

घरी आलो तर ते फुललं होतं.

यंदा जरा जास्तच. तुझा फोन येणार नाही हे त्याला सांगायला कोणी गेलं नव्हतं. मी पहाटे धाब्यावर जातो, माझी जुनी सवय, तर समोर लाल. धुकं असलं की मधला नाला दिसत नाही आणि झाड अलीकडं आल्यासारखं वाटतं. दुपारी ऊन हलायला लागलं की त्याच्या बुंध्याशी कोणीतरी बसलेलं दिसतं. शेळ्या राखणारं, मांडीवर काठी. मला माहीत आहे तिथं दगड आहे. मी त्या दगडाला टेकून फांदी तोडली आहे. तरी मी धाब्यावरून दोनदा विचारलं, "कोण शे?" सून खालून म्हणाली, "नाना, कोणाशी बोलताय?"

खाटेचं तोंड फिरवून पाहिलं. पाठ केली की कानात यायला लागलं. "फुलनं का रे ते?" बाकी काही नाही. तू रागवावंस, अक्का. शिव्या द्याव्यास. एवढंच विचारून थांबतेस ते मला नाही सहन होत. धुळवडीच्या दिवशी पोरांनी रंग घेऊन गल्ली भरून टाकली होती. मी आत बसून होतो. कोणी दारावर केशरी हात उमटवला आणि मी सुनेला म्हणालो, "पुस ते." ती घाबरली. मी इतक्या जोरात कधी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीत बसलो. सून म्हणाली, एकटे जाऊ नका. मी म्हणालो, माझ्या बहिणीकडं जायला मला कोणी सोबत दिली नव्हती कधी.

यावलच्या पुढं दोन्हीकडं केळी लागली. खिडकीतून मला काही दिसत नव्हतं, म्हणजे दिसत होतं पण मी पाहत नव्हतो. एकच वाक्य घोळवत होतो. ते तोंडातून निघेल का याचीच भीती होती. ह्या तोंडानं आजवर "माझं चुकलं" म्हटलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. बायको गेली तीही बिचारी वाट पाहतच गेली असेल.

लता माहेरीच होती, घर आवरायला थांबलेली. तुझी सून सुनंदा ओट्यावर गहू निवडत होती. मला पाहून दोघी उठल्या.

"मामा, न कळवता? बरं आहे ना?"

मी म्हणालो, "समोरच्या काशीबाईंना बोलाव. आणखी कोण बायका असतील त्यांना बोलाव. आप्पांनाही."

आप्पा केळीबागेत गेले होते. काशीबाई आल्या, काठी टेकत. दोन शेजारणी आल्या. सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. माणूस मेल्यावर कोणी वाटणीचं बोलायला येतो तसं त्यांना वाटलं असणार. मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

सगळं सांगितलं. बरडावरचं झाड, नाल्यात टाकलेली फांदी, बांधावरचा पळस, हळद. काशीबाईंना मी घेऊन गेलो होतो तेही. शेवटी म्हणालो, "अक्काची नजर उतरली नव्हती. तिचं बरोबर होतं. माझं चुकलं."

सुनंदाच्या हातात गव्हाचं सूप तसंच राहिलं. लता म्हणाली, "मामा, एवढ्यासाठी आलात? झाडासाठी?" तिला मला धीर द्यायचा होता, चांगली पोरगी आहे. पण काशीबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे तिचे डोये चांगलेच होते?"

"चांगलेच होते."

"अन् आम्ही तिले इचारनं सोडलं." त्या माझ्याकडं नाही, ओट्याकडं बघत होत्या. "ती इथंच बसलेली राहे. आम्ही समोरून टोपल्या घेऊन जाव. ती म्हणे, आणली का फुलं? आम्ही म्हणो, आणली. मोठं पापाचं काम केलं भाऊ तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

लतानं विचारलं, "आईला कळलं होतं का मामा?"

"मला माहीत नाही. तुला कधी काही बोलली?"

ती आठवत राहिली. मग मान हलवली. नाही.

मला वाटलं होतं सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. सुनंदानं चहा आणला, मी घेतला. जिभेला चव नव्हती. तेवढ्यात एक शेजारीण, नवीन सून असावी कुणाची तरी, तुला तिनं धड पाहिलंही नसेल, ती बोट करून म्हणाली, "बाबा, मग ते तिकडं केळीच्या पलीकडं लाल दिसतं ते काय आहे? पळस का?"

मी उठलो. ओट्याच्या कडेला गेलो, डोळ्यांवर हात धरला. केळीच्या हिरव्यावर लाल ठिपका होता. तोंडात शब्द तयार होता, अक्का. नेहमी असतो. सगळ्या वाट पाहत होत्या.

मी आभाळ पाहायचा प्रयत्न केला. फांद्यांमधून दिसतं की नाही ते. डोळे भरून आले होते, काहीच दिसेना.

"लांबून मला कळत नाही," मी म्हणालो.

काशीबाईंनी काठी उचलली. "चला मंग. जवळ जाऊन पाहू."

आणि आम्ही निघालो. दोन शेजारणी पुढं, मी आणि काशीबाई मागं, लतानं माझा दंड धरलेला. केळीच्या पाटाच्या कडेनं, चिखलातून, एका झाडासाठी. बागेतला माणूस विचारत होता, कुठं निघालात? आम्ही चालतच राहिलो.

जवळ गेल्यावर ते काय निघालं, ते मी तुला सांगत नाही. तुला ओट्यावरूनच कळलं असतं.